गाडी कित्ता देती?

डूख धरावा तर मनीषाने. चारचौघांत जावेच्या गळ्यात पडेल, दिराच्या चहात चमचाभर साखर जास्तच घालेल, आणि पोटातला निखारा मात्र राखेखाली जपून ठेवील. चिक्कडपल्लीच्या तिच्या दोन खोल्यांच्या घरात असा एक निखारा गेल्या श्रावणापासून धुमसत होता. कारण म्हणाल तर एक गाडी.

गाडी हर्षवर्धनची. हर्षवर्धन म्हणजे मनीषाच्या नवऱ्याचा, विजयचा, थोरला चुलत भाऊ. भालकीकरांचं घराणं हैदराबादेतलं जुनं. पणजोबा निजामाच्या काळातले वकील, आजोबा सरकारी नोकरीत, आणि त्यापुढे ज्याचं त्याचं नशीब. हर्षवर्धनचं दिलसुखनगरात फळफळलं. त्याने तिथे कोचिंग क्लास काढला आणि लोकांची पोरं इंजिनियर करता करता स्वतः कोकापेटला बंगलेवाला झाला. विजयचं नशीब जामबागेतल्या एका छापखान्यात अडकलं होतं. लोकांना लग्नाच्या पत्रिका मोबाइलवर धाडायची बुद्धी झाली आणि छापखाना बसला. तेव्हा हर्षवर्धन म्हणाला, "ये माझ्याकडे. मला घरचा माणूस पाहिजेच होता." घरचा माणूस म्हणजे काय, तर बँकेत जायचं, पाहुणे आणायचे-सोडायचे आणि ड्रायव्हर पळून गेला की गाडी चालवायची. त्या घरात ड्रायव्हर टिकत नसत, त्यामुळे किल्ली बहुतेक विजयच्याच खिशात असे.

गाडी मात्र बघण्यासारखी होती. काळीभोर, लांबलचक, जर्मन. आत तीनशेच्या वर घोड्यांची ताकद. सीटा अशा की बसलेला माणूस उठायला राजी नाही. शोरूमच्या कागदावर छापलं होतं, लिटरला सतरा किलोमीटर. तो आकडा कुठल्या तरी प्रयोगशाळेतला. तिथे ना सिग्नल, ना खड्डा, ना मध्येच आडवी येणारी ऑटो. मलकपेटच्या पुलाखाली अर्धा तास इंजिन चालू ठेवून उभं राहिल्यावर तीनशे घोडे काय वारा खाऊन राहणार आहेत? हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण एवढी गाडी घेणाऱ्याला ते कळून घ्यायचं नसतं. हर्षवर्धनने सतराचा आकडा जिभेवर गोंदवूनच घेतला होता.

आणि आपल्या लोकांची एक खोड आहे. गाडी सेकंडहँड असो की कोटीची, बघणारा भोवती एक चक्कर मारतो, टायरला पायाने टोकरतो आणि विचारतो, "कित्ता देती?" ती पळते किती, थांबते कशी, हे कोणी विचारत नाही. जणू गाडी नाही, दुभती म्हैस आहे.

श्रावणात हर्षवर्धनकडे सत्यनारायण होता. पंगत बसली, विजय मधल्या ओळीत बसला, आणि हणमंतरावकाकांनी तोच प्रश्न विचारला. हणमंतराव म्हणजे दोघा भावांचे सख्खे चुलते. हायकोर्टाच्या कचेरीतून निवृत्त झालेले, मराठी मंडळाचे अध्यक्ष, आणि भालकीकरांच्या खटल्यात शेवटचा शब्द त्यांचा.

"काय रे हर्षा, गाडी कित्ता देती?"

"कंपनी सतरा म्हणते काका," हर्षवर्धन वाढता वाढता म्हणाला. "पण आपल्याकडे सातच पडतं."

"अरे बापरे. मग दहा कुठं जायलेत?"

हर्षवर्धनने विजयकडे बघितलं आणि हसून म्हणाला, "दहा कोण पितं ते विजयला विचारा. टाकी तोच भरतो."

पंगत हसली. त्यावर हर्षवर्धनची बायको प्रियदर्शिनी, जी पुण्याची होती आणि हैदराबादची मराठी ऐकून कानांवर हात ठेवायची, ती आपल्या स्वच्छ मराठीत म्हणाली, "भावोजींच्या स्कूटरलाही तहान लागत असेल हो!" मग तर पंगत आणखीच हसली. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. विजयच्या हातात वरणभाताचा घास होता. त्याने तो पानात परत ठेवला आणि तो भरल्या ताटावरून उठला. मागच्या वीस वर्षांत मनीषाने त्याला कधी अन्नावरून उठलेलं पाहिलं नव्हतं.

त्याबरोबर हर्षवर्धनकडची नोकरीही गेली, त्याचं तिला एवढं काही वाटलं नाही. विजय प्रूफं तपासायची कामं घरी आणू लागला, दोन वेळचं भागत होतं. पण हसण्यावारी नेलेली गोष्ट हसण्यावारी राहिली नाही. घराण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोरासोरांनी विजयचं नाव 'पेट्रोल काका' ठेवलं. कोणाची गाडी रस्त्यात बंद पडली की लगेच कोणीतरी लिही, पेट्रोल काकांना विचारा. आणि भाद्रपदात हणमंतराव स्वतः जिना चढून आले. मंडळाच्या गणपतीची खजिनदारी विजय कित्येक वर्षं सांभाळत होता. वर्गणीच्या पेटीची किल्ली त्याच्या जानव्याला असायची, आणि सगळ्या जन्मात एवढा एकच मान त्याने हौसेने मिरवला होता. काका खाली बघत म्हणाले, "लोक बोलायलेत बाबा. एक वर्ष थांब. किल्ली दे."

विजयने जानव्याची गाठ सोडून किल्ली दिली. नंतर तो बराच वेळ नळाखाली हात धूत उभा होता. त्या दिवसापासून तो कोणाच्या लग्नाला गेला नाही, बारशाला गेला नाही, दारावर कोणी आलं की आतल्या खोलीत जाऊन बसायचा. मनीषाने तेव्हाच ठरवलं. ज्या तोंडाने चोर म्हटलं, त्याच तोंडाने ते परत घ्यायला लावायचं. त्याशिवाय हिशेब मिटायचा नाही.

भांडून उपयोग नव्हता. भांडण केलं असतं तर लोक म्हणाले असते, खाई त्याला खवखवे. तिला कळलं होतं की सगळं बळ त्या सतराच्या आकड्यात आहे. गाडी सतरा देते हे खरं, तर विजय चोर. तेव्हा विजयची बाजू मांडायचीच नाही. सतरालाच उचलून धरायचं, एवढं उंच धरायचं की पडल्यावर आवाज झाला पाहिजे. मनीषा प्रत्येक हळदीकुंकवाला जाऊ लागली आणि दिसेल त्या बाईला सांगू लागली, "आमच्या दादांची गाडी बघितली का? सतरा देते, सतरा!" हर्षवर्धनला वाटलं, नवऱ्याने खाल्लं असं हिलाही पटलंय, म्हणून बिचारी लाजेने गोड बोलते आहे. तो तिला आणखीच आपलेपणाने वागवू लागला.

संधी वैशाखात आली. हणमंतरावांच्या नातीचं, अपर्णाचं, लग्न ठरलं. पत्रिका मोबाइलवर गेल्याच होत्या, पण जुन्या माणसांच्या घरी अक्षत घेऊन जावंच लागतं. दोन सवाष्णी सुनांनी उंबऱ्यात कुंकू लावून आमंत्रण द्यायचं, ही भालकीकरांची रीत. सुना कोण, तर प्रियदर्शिनी आणि मनीषा. जायचं कसं, यावर काकांच्या बैठकीत खल चालू होता.

"दादांचीच गाडी घेऊ ना काका," मनीषा चहाचा ट्रे ठेवत म्हणाली. "सतरा देते. दिवसभर गावभर फिरलो तरी तुमच्या त्या जुन्या पांढऱ्या डबा गाडीपेक्षा पेट्रोल कमीच लागेल."

हर्षवर्धनची छाती फुगली. "घेऊ की. मी स्वतः चालवतो."

"पण पेट्रोल माझं," काका म्हणाले. "माझ्या घरचं कार्य आहे. सकाळी तू टाकी काठोकाठ भरून आण. संध्याकाळी त्याच पंपावर जितकं घटलं तितकं मी भरणार. कोणाच्या पेट्रोलवर माझ्या नातीची अक्षत फिरायची नाही."

काकांचा हा बाणा सगळ्या भालकीकरांना पाठ होता, आणि मनीषाला सर्वांत जास्त. हर्षवर्धन "राहू द्या काका, राहू द्या" म्हणाला, दोनतीनदा म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता तो उन्हाचा नव्हता, हे फक्त मनीषाने पाहिलं.

ठरल्या दिवशी गाडी आली. काका पुढे बसले, दोघी जावा मागे. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत आत थंडगार होतं. मोठ्या रस्त्याला लागल्यावर हर्षवर्धनने हळूच हात पुढे केला आणि एसी बंद केला.

"हे काय?" प्रियदर्शिनी म्हणाली.

"काकांना बाधेल गं. सर्दी होईल."

"मला?" काका म्हणाले. "मला कधी सर्दी व्हायली?"

पण एसी बंदच राहिला. काचा उघडाव्यात तर त्यानेही गाडीला वारा अडतो म्हणे. वैशाखातलं हैदराबाद, काळी गाडी, काळ्या सीटा आणि चार माणसं. इस्त्रीवाल्याच्या कपड्यांसारखी सगळी वाफेवर शेकत होती. प्रियदर्शिनीची पैठणी पाठीला चिकटली. मनीषा सुती साडी नेसून आली होती आणि जवळ घडीचा पंखा होता. तिने तो जावेपुढे धरला नाही.

आणि चालवणं काय विचारता! पाच सेकंदांत शंभरावर जाणारी ती गाडी हर्षवर्धन अशी चालवत होता, जणू डिकीत अंड्यांची टोपली आहे. ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला न ठेवला. नारायणगुड्याला एक ऑटो पुढे गेली. मग पाण्याचा टँकर गेला. कोटीच्या चौकात आंबेवाला हातगाडी ढकलत पुढे गेला आणि त्याने वळून बघितलं. सिग्नलला इंजिन आपोआप बंद व्हायचं, तेव्हा काका दचकायचे.

"बंद पडली का रे?"

"नाही काका. पेट्रोल वाचवते."

"बरी हाय. नवऱ्यापेक्षा बायको शहाणी म्हणतात तसं."

जामबागेत रंजनाताईंच्या दारात मनीषाने आधी कुंकू लावलं आणि मग कानात कुजबुजली, "गाडी बघा ना. विचारा दादांना." रंजनाताई शाळेतून निवृत्त झालेल्या, आवाज वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत पोचणारा. त्या थेट फाटकात येऊन म्हणाल्या, "काय हर्षवर्धन, कित्ता देती?"

"सतरा," हर्षवर्धन म्हणाला. काका शेजारी उभे होते, दुसरं काही म्हणायची सोय नव्हती.

दिलसुखनगरला समोरच्या घरातले रेड्डी बनियनवरच बाहेर आले. "मायलेज एंता, सार?" त्यांनाही सतरा. चिक्कडपल्लीच्या दोन घरी सतरा, काचीगुड्याला सतरा. जिथे जाईल तिथे मनीषा एक पाऊल पुढे आणि तो प्रश्न तिच्या मागोमाग. दर घरी हर्षवर्धनचा आवाज थोडा थोडा उतरत गेला. शेवटच्या घरी तर तो नुसती मान हलवून गाडीत जाऊन बसला. मनीषाला आयुष्यात इतका सुखाचा घाम कधी आला नव्हता.

संध्याकाळी पंपावर पोचले. काका खिशातून पाकीट काढून गाडीशी ताठ उभे राहिले.

"सत्तर किलोमीटर फिरलो," ते म्हणाले. "सतराने चार लिटर. चल, भर दो माँ, फुल."

पंपावर मध्यमवयीन बाई होती, तोंडाला ओढणी बांधलेली. तिने शून्य दाखवलं, काका "हौ" म्हणाले आणि पेट्रोल सुरू झालं. चार झाले. काकांनी पाकीट उघडलं. पाच झाले, सहा झाले. काका मीटरकडे बघत राहिले. आठ झाले तेव्हा त्यांनी वाकून गाडीखाली बघितलं, पेट्रोल गळतंय का म्हणून. दहा झाले. अकरावर नळीने खट्ट केलं आणि बाईने ती काढून घेतली.

"ये क्या है?" काका ओरडले. "मीटर में गडबड करते क्या तुम लोगां? सतरा देती ये गाडी!"

"साब, झीरो दिखा के चालू करी ना मैं," बाई म्हणाली. "तुम खुद हौ बोले. फुल बोले, फुल करी."

"चोर लोगां! पोलीस में देता मैं!"

आणि इथे हर्षवर्धनला तोंड उघडायला जागा होती. फक्त एवढंच म्हणायचं होतं, काका, तिची चूक नाही. तो गाडीतून उतरला, पॅंट सारखी केली आणि म्हणाला, "हे लोक असेच असतात काका. थांबा, मी मॅनेजरला बोलावतो. कामावरूनच काढायला लावतो हिला."

आतापर्यंत मनीषाला मजा वाटत होती. ती एका क्षणात संपली. एक चोर पचला होता, म्हणून हा माणूस त्याच तोंडाने दुसरा तयार करायला निघाला होता. तिच्या डोक्यात तिडीक गेली. तिने मागचं दार उघडलं, पुढे आली आणि सरळ हर्षवर्धनच्या जागेवर जाऊन बसली.

"अगं, काय करतेस?" प्रियदर्शिनी म्हणाली.

"गाडीलाच विचारते."

स्टिअरिंगपुढच्या पडद्यावर दिवसभर नकाशा होता. विजय एकदा बोलता बोलता म्हणाला होता, स्टिअरिंगजवळच्या कांडीचं टोक दाबत गेलं की गाडी सगळं सांगते. मनीषाने टोक दाबलं. नकाशा गेला. पुन्हा दाबलं.

"काका, चष्मा लावा आणि इकडे या. वाचा."

काकांनी चष्मा लावला आणि दारातून डोकं आत घातलं. "सहा पॉइंट चार," ते हळू म्हणाले.

"हे आजचं. एसी बंद ठेवून, बैलगाडीसारखी चालवून. आता हे बघा." तिने आणखी एकदा दाबलं. "हे गाडी घेतल्या दिवसापासूनचं. विजयने चालवली तेव्हाचं, ड्रायव्हरांनी चालवली तेव्हाचं, दादांनी चालवली तेव्हाचं. सगळं मिळून."

"सहा पॉइंट आठ."

"सतरा कधी दिलेच नाहीत हिने. मग दहा कोणी प्यायले काका?"

काकांनी चष्मा उतरवला. बोलली प्रियदर्शिनी. घामाने तिचं कुंकू नाकापर्यंत ओघळलं होतं. "हर्ष, हा आकडा रोज तुझ्या नाकासमोर असतो?"

हर्षवर्धन पंपाच्या खांबाला टेकला. आपली बायकोच विचारते आहे म्हटल्यावर त्याचं अवसान गळालं. "एवढे लोक बसले होते," तो म्हणाला. "एवढी गाडी घेतली. गाडीच सात देते म्हणून सांगू? हसले असते सगळे."

मनीषा हे ऐकून थंडच पडली. इतके महिने ती त्याला मूर्ख समजत होती. तिला वाटत होतं, कागदावर छापलेलं खरं मानणारा, गाडीच्या प्रेमात आंधळा झालेला माणूस आहे, डोळे उघडले की ओशाळेल. पण आंधळा कोणी नव्हताच. गाडीला नावं ठेवली जाऊ नयेत म्हणून त्याने डोळे उघडे ठेवून भावाला चोर ठरवलं होतं. भाऊ स्वस्त पडला होता, एवढंच.

काकांनी पंपावरच्या बाईपुढे हात जोडले. "माफ कर माँ. म्हातारा झालो, जीभ घसरली." सगळ्या पेट्रोलचे पैसे त्यांनी भरले, सुट्टे घेतले नाहीत आणि गाडीत बसून एकच शब्द उच्चारला. "चिक्कडपल्ली."

विजय प्रूफं पसरून बसला होता. दारात चौघांना बघून तो सवयीप्रमाणे आतल्या खोलीकडे वळला, पण काका म्हणाले, "बस बाबा. आज तू बस, आम्ही उभे राहतो." काकांनी झालं ते सगळं सांगितलं. पंप, मीटर, पडदा, सगळं. विजय खाली मान घालून ऐकत होता.

"तुला माहीत होतं का रे, ह्याला माहीत हाय म्हणून?" काकांनी विचारलं.

"हौ," विजय म्हणाला. "मीच दाखवला होता दादाला तो आकडा. परसूं."

हैदराबादी माणसाचं परसूं म्हणजे कालचा आदला दिवस नव्हे. ते गेल्या आठवड्यातलंही असतं आणि चार वर्षांपूर्वीचंही. हे परसूं श्रावणाच्या आधीचं होतं.

"मग पंगतीत बोलला का नाहीस?" मनीषा जवळजवळ ओरडलीच.

"वाटलं, दादाच बोलेल. आज नाही तर उद्या."

हर्षवर्धन पुढे झाला. "विजय, गैरसमज झाला रे. मनात काही ठेवू नकोस."

विजय वर न बघता म्हणाला, "जाऊ दे दादा."

"नाही जाऊ देणार," मनीषा म्हणाली. "ह्यांनी माफ केलं असेल. मी नाही केलं. चोर म्हणालात तेव्हा घराण्याने ऐकलं होतं. नाही म्हणाल तेव्हाही घराण्याने ऐकलं पाहिजे. काढा फोन. ग्रुपवर टाका."

हर्षवर्धनने काकांकडे बघितलं. काका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. मग त्याने फोन काढला आणि लिहू लागला. लिहायला त्याला कोण शिकवणार? क्लासच्या जाहिराती तोच लिहायचा. छान परिच्छेद जमवून त्याने मनीषापुढे धरला. 'काही गैरसमजातून मागे झालेल्या उल्लेखाबद्दल मी मनःपूर्वक दिलगिरी व्यक्त करतो. आपले कुटुंब सदैव एकसंध राहो.' शेवटी हात जोडल्याचं चित्र.

"सुंदर," मनीषा म्हणाली. "पण आपल्या लेकरांना मराठी वाचता कुठं येतं? क्लासला घातलीत सगळी, अक्षर ओळखत नाहीत. आणि पेट्रोल काका हे नाव त्यांनीच ठेवलंय. लिहू नका दादा. बोला. बटण दाबून बोला."

त्याचा चेहरा पडला. लिहिलेलं लोक अर्धं वाचून पुढे ढकलतात, आवाज मात्र ऐकावा लागतो, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्याने बटण दाबलं. "मी हर्षवर्धन. विजयच्या बाबतीत जरा गैरसमज..."

मनीषाने हात लांबवून ते पुसून टाकलं. "गैरसमज नव्हता."

पुन्हा बटण. "गाडी शहरात सातच देते. विजयने काही घेतलं नाही. माझ्या लक्षात नंतर आलं की..."

तेही पुसलं. "नंतर नाही. आधी."

"मनीषा, पुरे," विजय म्हणाला.

"पुरे कसं? ह्या एका शब्दासाठी तुम्ही आठ महिने आतल्या खोलीत बसलात." तिने हर्षवर्धनकडे बोट केलं. "गैरसमज झाला म्हटलं की त्यांची चूक होते आणि संपतं. ती चूक नव्हती. ते खोटं होतं. दादा, खोटं म्हणा."

"मनीषा बरोबर बोलते आहे, हर्ष," प्रियदर्शिनी दारातून म्हणाली. ती अजून आत आली नव्हती. "मीही हसले होते त्या दिवशी. मला तरी कळू दे मी कशाला हसले."

हर्षवर्धनने तिसऱ्यांदा बटण दाबलं. मग तो भराभर, शब्द तोंडातून काढून टाकल्यासारखा बोलला. "मी हर्षवर्धन बोलतो. माझी गाडी सातच देते. पहिल्या दिवसापासून. विजयने एक थेंब पण घेतला नाही. मी खोटं बोललो. मला माहीत होतं." बोट सुटलं आणि आवाज गेला. घराण्यातल्या सगळ्या घरांत, चांगला मोठ्याने, हैदराबादी मराठीत गेला.

निघताना काका विजयला म्हणाले, "पेटीची किल्ली उद्या आणून देतो."

"विचार करून सांगतो काका," विजय म्हणाला. काकांना नाही ऐकायची सवय नव्हती. ते जिना उतरताना कठड्याला धरून उतरले.

सगळे गेले. खाली गाडी सुरू झाली, एसी लागल्याचा घूं आवाज आला आणि तोही गेला. मनीषा भिंतीला टेकून बसली. इतके दिवस पोटात जे होतं ते गेलं होतं, आणि तिला नुसतं दमल्यासारखं वाटत होतं.

"एवढं ताणायला नको होतं तू," विजय म्हणाला. "शेवटी भाऊ आहे. जाऊ दे म्हटलं होतं ना मी?"

ती उठली. स्वयंपाकघरात गेली, चहाचं आधण ठेवलं. विजयने तिचा फोन उचलला आणि तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने तिकडून हर्षवर्धनचा आवाज आला. "विजयने एक थेंब पण घेतला नाही. मी खोटं बोललो. मला माहीत होतं." आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला. मग पुन्हा. कितीदा, ते तिने मोजलं नाही. विजय पाठमोरा होता आणि फोन कानाला घट्ट लावून उभा होता. चहा उकळून उकळून कडू झाला, तरी मनीषाने त्याला हाक मारली नाही.